अगाफियाने काढून ठेवलेली पट्टी

अगाफियाच्या हातांना पेट्रोलचा वास लागला तो वयाच्या अकराव्या वर्षी, आणि अठ्ठावन्न उलटली तरी तो गेलेला नाही. तिचे वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. कस्कोक्विम नदीवर खालच्या अंगाला जितकी गावं आहेत, तितक्या गावांतून लोक त्यांच्याकडे यायचे. पुढे त्यांच्या हातांना कंप सुटला. स्क्रू धरला की तो खाली चिखलात. मग ते उलट्या पिंपावर बसून सांगू लागले आणि अगाफिया करू लागली. "डावीकडं. अजून थोडं. बास. आता हात काढ आणि ऐक." त्यांचं सगळं शिकवणं एवढंच.

वडील गेले, होड्यांची इंजिनं बदलली, आणि नान्वाराक गावात एटीव्ही आल्या. चार जाडजूड चाकं, वर मोटारसायकलसारखी बैठक आणि हँडल. गावात डांबरी रस्ता एकही नाही. घरांमधून फळ्यांची वाट जाते आणि ती संपली की दलदल, शेवाळ, गवताचे उंचवटे, थेट क्षितिजापर्यंत. बर्फ नसतो तेव्हा मासे, लाकडं, म्हातारी माणसं, चर्चला जाणारी सून, सगळं त्या एटीव्हीवरच. त्यामुळे ती बंद पडली की घर बंद पडल्यासारखं होतं, आणि घरातला माणूस अगाफियाच्या शेडकडे चालू लागतो.

अगाफियाचा नवरा इग्नाती. त्याला जाळं विणता येतं, सील टिपता येतो, हवेचा वास घेऊन उद्याचा वारा सांगता येतो. पण इंजिनचा प्लग बदलायचा म्हटलं की तो बायकोकडे बघतो. याची त्याला कधी लाज वाटली नाही, आणि तिला कधी राग आला नाही.

त्या वर्षी जूनमध्ये मात्रोना आत्याची एटीव्ही धूर ओकायला लागली. मात्रोना म्हणजे अगाफियाच्या वडिलांची धाकटी बहीण. वय त्र्याहत्तर, उंची साडेचार फूट, आणि जीभ मात्र पूर्ण मापाची. एटीव्ही अकरा वर्षांची होती. अगाफियानं इंजिनचं डोकं, म्हणजे सिलिंडरवरचं हेड, उघडलं, तर व्हॉल्व्हच्या बाजूला तडा.

"गेलं?" आत्यानं विचारलं.

"हेड गेलं. बाकी गाडी ठणठणीत आहे."

"माझंही तसंच आहे म्हणतात लोक. नवीन बसव."

कंपनीचं हेड मागवायचं तर चार महिने, तेही मिळालं तर. त्या मॉडेलचे सुटे भाग कंपनीनं बनवणं जवळजवळ बंद केलं होतं. बाहेरच्या बनावटीचं हेड मात्र दहा दिवसांत विमानानं आलं. अगाफियाला बाहेरच्या मालाचं वावडं नव्हतं. बेअरिंग, गास्केट, ब्रेकचे पॅड ती कितीतरी वर्षं बाहेरचेच वापरत होती, आणि काही तर कंपनीपेक्षा सरस निघाले होते. हे हेडसुद्धा तिनं खिडकीशी धरून सगळीकडून पाहिलं. ओतकाम स्वच्छ, भोकं नेमकी, व्हॉल्व्ह सुरेख बसलेले. एकच गोष्ट कमी होती.

या गाडीचं इंजिन चासीला तीन ठिकाणी धरलेलं असतं. खाली पुढे, खाली मागे, आणि वर. वरच्या बाजूला हेडला एक जाड कान असतो. त्या कानापासून चासीच्या आडव्या नळीपर्यंत चार बोटं लांबीची एक लोखंडी पट्टी जाते, आणि तिच्या पोटात बूश असतो, म्हणजे रबराचं जाड कडं. नव्या हेडला तो कानच नव्हता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, मूळ वरच्या आधाराची गरज नाही.

अगाफिया ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग तिनं विकणाऱ्याला फोन लावला. पलीकडचा माणूस सौजन्यानं बोलला. "बाई, आम्ही शेकडो विकलीत. खालचे दोन आधार पुरतात. वरचा कंपनीनं उगीच दिलेला असतो."

"उगीच?" अगाफिया म्हणाली. "लोखंड काय फुकट येतं कंपनीला?"

तो हसला. तीही हसली, आणि तिनं त्याचं ऐकलं. आत्याला मासे सुकवायच्या मांडवाकडे रोज जायचं होतं, सॅमनचा मोसम तोंडावर होता, आणि गाडी चालू हवी होती. तिनं पट्टी कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकली, डब्यावर चिकटपट्टी लावून 'मात्रोना' लिहिलं आणि डबा फळीवर ठेवला. काढलेली वस्तू ती कधी फेकत नसे.

गाडी सुरेख चालली. बातमी पसरली. त्याच मॉडेलच्या आणखी पाच एटीव्ही गावात होत्या, सगळ्या साधारण त्याच वयाच्या. जुलै संपेपर्यंत अगाफियानं त्या पाचांनाही तेच हेड बसवलं. पाचवी तिच्या दिराची, वास्काची होती. आता फळीवर सहा डबे झाले होते.

ऑगस्टच्या मध्यावर केशरी बेऱ्या पिकल्या. त्या दिवसांत गाव रिकामं होतं. एके दिवशी पहाटेच मात्रोना आत्या एकटी अठरा मैलांवरच्या टेकडीकडे गेली. तिची बेऱ्यांची जागा तिनं एका अगाफियाशिवाय कुणाला दाखवलेली नाही, आणि कुणी मागे आलं तर ती सरळ उलट दिशेला जाऊन तासभर बसून राहते.

सकाळी दहाच्या सुमाराला अगाफियाच्या स्वयंपाकघरातला रेडिओ खरखरला. आमच्याकडे हा रेडिओ घरोघरी खिडकीशी असतो, आणि लांब जाणारे त्याचा छोटा संच खिशात नेतात. एकानं बटण दाबून बोललं की साऱ्या गावाला ऐकू येतं, आणि ऐकू आलं नाही असं कुणी म्हणत नाही.

"अगाफिया, आहेस का गं? मात्रोना बोलतेय."

"बोल आत्या."

"माझ्या गाडीचं पोट खाली आलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे पोट खाली आलंय. इंजिन पुढून वाकलंय आणि खालच्या पत्र्यावर टेकलंय. मी बरी आहे. दोन बादल्या भरल्यात. मच्छर मात्र माझ्यापेक्षा जास्त जेवलेत."

मधेच वास्काचा आवाज घुसला. "आत्या, नक्की कुठं आहेस? जागा सांग, म्हणजे सगळेच येतो मदतीला. बादल्या घेऊन."

"तू गप रे. माझ्या भाच्यांपैकी एकट्या अगाफियालाच ठाऊक आहे जागा."

अगाफिया आणि इग्नाती दोघं इग्नातीच्या एटीव्हीवर निघाले. ती दुसऱ्या कंपनीची, जुनी आणि धडधाकट होती. अगाफियानं हत्यारांची पेटी, ओढायची साखळी आणि दोन जाड फळ्या घेतल्या. वाटेत तिची नजर पुढेच खिळलेली होती. इग्नातीला वाटलं, ती खड्डे बघतेय.

आत्या उलट्या बादलीवर बसून वाळवलेला सॅमन चावत होती. डोक्याला रुमाल, पायात गुडघ्यापर्यंत बूट. "आलात? घ्या, खा आधी."

अगाफिया न खाताच गाडीखाली शिरली. ओल्या शेवाळानं तिची पाठ भिजली. इंजिनचा पुढचा खालचा आधार, म्हणजे चासीला वेल्डिंग केलेला लोखंडी कान, मुळातून तुटला होता. तिनं अंगठ्यानं माती पुसली आणि तुटलेली कड पाहिली. नुकतंच तुटलेलं लोखंड आतून चकचकीत दिसतं. इथे चकचकीत भाग करंगळीच्या नखाएवढाच होता. उरलेला सगळा तपकिरी, गंजलेला. म्हणजे तडा आजचा नव्हता. कित्येक दिवस तो थोडा थोडा सरकत आला होता, आणि आज फक्त शेवटचा धागा तुटला होता.

"मीच एका उंचवट्यावर जोरात घातली बघ," वरून आत्या सांगत होती. "दिसलाच नाही गवतात. धाडकन आवाज झाला. माझीच चूक."

अगाफियाला ते ऐकू आलं. गाडीखाली पडल्या पडल्या तिनं ते वाक्य एकदा मनात म्हणूनही पाहिलं. आत्याची चूक. उंचवट्याची चूक. अकरा वर्षांची जुनी गाडी. कुणालाही पटलं असतं.

ती बाहेर आली. फळीचा तरफेसारखा उपयोग करून तिनं आणि इग्नातीनं इंजिन वर उचललं. खाली दुसऱ्या फळीचे तुकडे ठोकले. गाडी चालू केली तर सगळी थडथड कापायला लागली, हँडल हातात ठरेना. मग अगाफियानं साखळी इंजिनच्या वरच्या अंगाला गुंडाळली, चासीच्या आडव्या नळीवरून घेतली, कड्यांत लांब पाना अडकवला आणि पीळ देत आवळत गेली. तिसऱ्या पिळाला थरथर निम्मी झाली. पाचव्याला जवळजवळ थांबली.

इग्नातीनं मान डोलावली. "बसलं की."

अगाफिया पाना हातात धरून तशीच उभी होती. साखळी जिथे आली होती, बरोबर तिथेच ती काढून टाकलेली पट्टी असायची.

अठरा मैल यायला पाच तास लागले. पुढे इग्नाती, मागे आत्याच्या गाडीवर अगाफिया, आणि इग्नातीच्या मागे बसलेली आत्या दर अर्ध्या तासानं ओरडत होती, "माझ्या बादल्या सांडू नकोस गं."

घरी आल्यावर अगाफिया जेवायला न बसता शेडमध्ये गेली. तिनं सहाही डबे खाली काढले आणि पट्ट्या बाकावर ओळीनं मांडल्या. बूश गोल असतो. हे सहाही बूश एका अंगाला झिजून अंड्यासारखे झाले होते. रबर दाबलं गेलेलं, काहींचं फाटलेलं. कंपनीनं उगीच दिलेल्या वस्तूवर इतका भार येत नाही. अकरा वर्षं या चिमुकल्या पट्टीनं इंजिनचा प्रत्येक हिसका अंगावर घेतला होता. ती काढल्यावर तेच हिसके खालच्या दोन कानांवर गेले होते. हे बूश तिनं जूनमध्ये, जुलैमध्ये स्वतःच्या हातांनी काढले होते. पाहिले मात्र नव्हते.

इग्नाती चहाचा कप घेऊन दारात आला. तिनं त्याला एक बूश दाखवला. त्याला इंजिनातलं कळत नसलं तरी झिजलेलं काय आणि न झिजलेलं काय, ते कळत होतं.

"बाकीच्या पाच गाड्या?" तो म्हणाला.

"तेच."

"लोक तेल बदलायला येतीलच की. तेव्हा करून टाक गुपचूप. आत्या तर स्वतःच म्हणतेय तिची चूक."

"पुढच्या आठवड्यात मूस हरणांची शिकार सुरू होतेय, इग्नाती. त्या पाचांतला निकोलाय साठ मैल वर जातो. तिथून रेडिओ लागत नाही."

त्यानं कप तिच्यासमोर ठेवला. मग म्हणाला, "वास्का तुला जन्मभर सोडणार नाही."

"वास्का मला तसाही सोडत नाही."

संध्याकाळी सात वाजता गावात सगळे रेडिओ चालू असतात. चर्चची वेळ, विमानाची वेळ, कुणाच्या घरी काय शिजलंय, सगळं तेव्हाच सांगितलं जातं. उजेड अजून लख्ख होता. खिडकीबाहेर मुलं फळ्यांच्या वाटेवर सायकली दामटत होती. अगाफियानं हात पुसले, बटण दाबलं आणि लगेच सोडलं. पुन्हा दाबलं.

"अगाफिया बोलतेय. आत्याची गाडी मोडली ती उंचवट्यानं नाही. मी मोडली. नवीन हेड बसवताना मी वरची आधारपट्टी काढली. कागदावर लिहिलं होतं गरज नाही, फोनवरच्या माणसानंही सांगितलं, आणि मला शंका आली होती तरी मी ऐकलं. ती पट्टी लागते. ज्या पाच जणांना मी ते हेड बसवलंय, त्यांनी गाड्या लांब नेऊ नका. उद्या सकाळपासून माझ्याकडे आणा. पट्ट्या माझ्याकडे आहेत. एवढंच."

तिनं बटण सोडलं. रेडिओ गप्प. आमच्या रेडिओवर इतकी शांतता फक्त कुणी वारल्याची बातमी आल्यावर होते. इग्नातीनं टेबलावरचा पाव उगीचच एका बाजूहून दुसरीकडे सरकवला.

मग वास्का. "वहिनी, पुन्हा एकदा सांग. 'मी मोडली' हा भाग. नीट ऐकू नाही आला."

कुणीतरी हसलं. आणखी कुणीतरी. आणि मग निकोलायचा जाडा, संथ आवाज आला, "सकाळी सहाला आणू का, अगाफिया?"

"आण."

"कॉफी तुझी."

सहाला निकोलाय आला, आठपर्यंत दुसरे दोघे. गाड्या शेडबाहेर रांगेत. निकोलायच्या गाडीच्या पुढच्या कानावर केसाएवढा तडा निघाला. अगाफियानं त्यावर रॉकेल लावून पुसलं, मग खडू घासला, तेव्हा तो काळ्या रेघेसारखा दिसू लागला. निकोलाय वाकून बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. तो मुळात कमी बोलणारा. "साठ मैल," एवढंच म्हणाला.

पट्ट्या होत्या, पण त्या अडकवायच्या कुठे? नव्या हेडला कान नव्हताच. अगाफियानं पुठ्ठ्याचे साचे कापले. हेड दाबून धरणारे दोन जाड स्टड वरच्या अंगाला होते. त्यांच्या नटांखाली बसेल असा एक जाड, वाकवलेला पत्रा करायचा, त्याला कान काढायचा, आणि त्या कानाला मूळ पट्टी लावायची. पहिला पत्रा पेट्रोलच्या टाकीला घासला. दुसरा बसला, पण पट्टी तिरकी आली. ती तशीच ओढूनताणून बसवली असती तर वर्षभरात तीच तुटली असती. तिसरा तिनं शाळेच्या मोडक्या, बर्फावर ओढायच्या घसरगाडीच्या जाड पोलादातून कापला आणि संध्याकाळपर्यंत कानसत बसली. मात्रोना आत्या दिवसभर तिथेच, बादलीवर.

"इतकं तर दातांच्या डॉक्टरनंही माझ्या दाढांना कानसलं नव्हतं," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "तू रेडिओवर कशाला बोललीस गं? मी म्हटलं होतं ना माझी चूक."

"तुझी नव्हती म्हणून."

"मला ठाऊक होतं माझी नव्हती. चाळीस वर्षं चालवतेय. मला तेवढा उंचवटा दिसत नाही होय?"

अगाफियाची कानस थांबली. आत्या दुसरीकडे बघत होती. मग कानस पुन्हा सुरू झाली.

तिसरा पत्रा चपखल बसला. पट्टी सरळ आली, नवा बूश घातला, बोल्ट हातानंच अर्ध्यापर्यंत गेला. अगाफियानं इंजिन चालू केलं, आणि वडिलांनी शिकवलं तसं हात काढून ऐकलं. मग त्याच मापाचे बाकीचे पत्रे झाले. चार दिवसांत आत्याची धरून पाच गाड्या बाहेर पडल्या. आत्याच्या चासीचा आणि निकोलायच्या चासीचा कान तिनं नव्यानं वेल्ड केला, आणि त्याला खालून टेकूही दिला.

वास्का आलाच नाही. त्याची गाडी झकास चालतेय म्हणे. पाचव्या दिवशी अगाफियाच खडू आणि रॉकेल घेऊन त्याच्या घरी गेली आणि न विचारता गाडीखाली शिरली. वास्का वर उभा राहून साऱ्या शेजाऱ्यांना सांगत होता, "बघा, वहिनी मला लोटांगण घालतेय."

तिनं पुढचा कान तपासला, मागचा तपासला. कुठेही तडा नव्हता. ती बाहेर आली आणि तसं सांगितलं.

"म्हणजे माझ्या गाडीला गरज नाही!" वास्का ओरडला.

"तू गाव सोडून कुठं जात नाहीस. सोफ्यापासून दुकानापर्यंत जातोस. तेवढ्यानं काय तुटणार?"

शेजारी इतके हसले की वास्कालाही हसावं लागलं. पट्टी त्यानं बसवून घेतली. पण आपल्या गाडीला तडा नव्हता हे तो पुढे महिनाभर रोज सात वाजता रेडिओवर सांगायचा, कधी विमानाच्या वेळेआधी, कधी नंतर.

निकोलाय शिकारीला गेला आणि अकराव्या दिवशी परत आला. त्यानं मूसच्या मांसाचा एक मोठा तुकडा इग्नातीच्या हातात दिला आणि तसाच घरी गेला. विकणाऱ्याला अगाफियानं चिठ्ठी लिहिली, सोबत झिजलेल्या बूशचे आणि तुटलेल्या कानाचे फोटो. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा लिहिलं. मग इग्नाती म्हणाला, पुरे. ती पुरे म्हणाली नाही, पण तिसरी चिठ्ठी मात्र अजून लिहायची आहे.

गोष्ट नदीच्या वरच्या गावांत पोचली, आणि लोक रेडिओवरून, फोनवरून विचारू लागले. बाहेरचा सायलेन्सर घेतलाय, त्याला मूळ टांगणी ठेवू का? बाहेरचा कार्बोरेटर आहे, त्याच्या मागचा आधार काढू का? अगाफिया कुणालाच एका शब्दात उत्तर देत नाही. आधी विचारते, ती वस्तू काय धरत होती? नुसतं झाकण असेल तर सोडा. वजन पेलत असेल किंवा हिसका खात असेल, तर काढू नका. कळत नसेल तर तिचं रबर बघा, कोणत्या बाजूला झिजलंय ते. एका गावच्या माणसानं वैतागून विचारलं, "कागदावर लिहिलंय ना गरज नाही म्हणून?" ती म्हणाली, "कागद लिहिणारा आपल्या दलदलीत गाडी चालवायला आला होता का, तेवढं विचार त्याला."

एका माणसानं मात्र त्यानंतर गाडी तिच्याकडे आणणं सोडलं. चूक केली हे स्वतः सांगणाऱ्या बाईकडे कोण जाईल, असं तो दुकानात म्हणाला. अगाफियाला ते लागलं. तिनं ते इग्नातीला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. वाफेच्या न्हाणीत, निखाऱ्यावरच्या दगडांवर पाणी ओतताना त्यानं विचारलं, "मग? पस्तावलीस?" वाफेत तिचा चेहरा दिसत नव्हता. "नाही," ती म्हणाली. "पण वाईट वाटतं. दोन्ही होतं."

सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिली थंडी पडली आणि काळ्या बेऱ्या गोड झाल्या. एका कोरड्या सकाळी मात्रोना आत्या शेडच्या दाराशी गाडी घेऊन उभी राहिली. इंजिन चालूच होतं, एकसारखं, शांत.

"चल."

"आत्या, माझ्याकडे दोन होड्यांची कामं आहेत."

"होड्या कुठं पळत नाहीत. बेऱ्या गळतात. किती वर्षं झाली तुला बेऱ्या वेचून?"

अगाफियानं आठवायचा प्रयत्न केला. तेवीस असावीत, किंवा चोवीस. बेऱ्यांच्या दिवसांत तिच्या दारात नेहमी गाड्यांची रांग. तिनं हात पुसले, इग्नातीला हाक मारून सांगितलं आणि आत्याच्या मागे बसली. आत्या तिला घेऊन आधी उलट दिशेला गेली, मागे कुणी नाही ना ते बघितलं, आणि मग वळली.

दिवसभर दोघी ओणव्या होऊन वेचत होत्या. अगाफियाची बोटं सुरुवातीला जड पडली. स्क्रूच्या सवयीनं ती बेरी पिळून काढत होती, आणि आत्या ओरडत होती, "फिरवू नकोस गं, नुसती ओढ." दुपारनंतर जमायला लागलं. उन्हात जमिनीचा गोड, ओला वास येत होता. लांबवर हंसांचा थवा दक्षिणेकडे चालला होता. आत्यानं घरून आणलेलं अकुताक उघडलं, चरबी फेटून बेऱ्या आणि साखर घातलेलं, आणि एकाच चमच्यानं दोघींनी ते संपवलं. मग आत्या शेवाळावर आडवी झाली आणि बघता बघता घोरू लागली. अगाफिया तिच्या डोक्याशी बादली ठेवून पुढच्या उतारावर वेचायला गेली.